दावा किती आणि कोणाविरुद्ध: संगणक सुरक्षेच्या परिषदेला शोधनिबंध पाठवताना

2005 साली एसीएम या संस्थेच्या संगणक सुरक्षा परिषदेत, म्हणजे या क्षेत्रातले लोक जिला नुसते सीसीएस म्हणतात त्या परिषदेत, एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वाय-फायला जोडताना फोन आणि राउटर यांच्यात गुप्त किल्ली ठरवण्याची जी पद्धत 802.11आय या मानकात दिलेली आहे, ती सुरक्षित असल्याची गणिती सिद्धता त्यात मांडलेली होती. बारा वर्षांनी, 2017 साली, त्याच परिषदेत बेल्जियममधील केयू ल्युवेन विद्यापीठाच्या माथी व्हानहूफ आणि फ्रँक पीसेन्स यांनी त्याच पद्धतीवरचा हल्ला सादर केला, जो पुढे क्रॅक या नावाने जगभर गाजला. गंमत अशी की पहिला निबंध त्यामुळे खोटा ठरला नाही. दोन्ही निबंध आजही बरोबर आहेत.

हे कसे, ते समजले तर अशा परिषदेला निबंध पाठवणे म्हणजे काय, यातले निम्मे तरी समजते. फोन आणि राउटर चार संदेशांची देवाणघेवाण करतात. तिसरा संदेश मिळाला की फोन नवी किल्ली वापरात आणतो आणि चौथ्या संदेशाने पोच देतो. ही पोच राउटरपर्यंत गेली नाही, तर राउटर तिसरा संदेश पुन्हा पाठवतो आणि फोन तीच किल्ली पुन्हा नव्याने बसवतो. पण तसे करताना पाठवलेल्या पाकिटांचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा, क्रमांकही पुन्हा आरंभापासून सुरू होतो. एकच किल्ली आणि एकच क्रमांक दोनदा वापरला गेला की सांकेतिक मजकूर उलगडण्याची वाट मोकळी होते, आणि हल्लेखोराला एवढेच करायचे असते की ती पोच मध्येच अडवायची. 2005 च्या सिद्धतेने किल्ली हल्लेखोराच्या हाती लागत नाही असे सांगितले होते, आणि क्रॅकमध्येही ती लागत नाही. किल्ली नेमकी केव्हा आणि किती वेळा बसवली जाते, याविषयी सिद्धतेने काही म्हटलेच नव्हते.

सुरक्षेवरचा शोधनिबंध हा असा सीमा आखलेला दावा असतो. कोणत्या गोष्टीचे, कोणापासून, कोणत्या परिस्थितीत संरक्षण होते, किंवा ते कसे मोडते, एवढेच त्याला सिद्ध करायचे असते. निबंध पाठवण्याच्या नियमांची जी लांबलचक यादी नवख्या विद्यार्थ्याला घाबरवते, तिच्यातले बहुतेक नियम या दाव्याची तपासणी निःपक्षपातीपणे व्हावी आणि ती होताना कोणाचे नुकसान होऊ नये, यासाठीच केलेले आहेत.

आधी परिषदांविषयी थोडे. वैद्यक, भौतिकशास्त्र किंवा अर्थशास्त्रात मानाचे संशोधन नियतकालिकात छापले जाते आणि परिषद ही भेटीगाठींची जागा असते. संगणकशास्त्रात उलटे आहे: उत्तम काम आधी परिषदेत जाते, तिथेच त्याची कडक समीक्षा होते, आणि परिषदेच्या निबंधसंग्रहात छापला गेलेला निबंध हेच अंतिम प्रकाशन मानले जाते. सुरक्षेच्या क्षेत्रात चार परिषदा सर्वांत वरच्या समजल्या जातात. 1980 पासून भरणारी, आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेची सिक्युरिटी अँड प्रायव्हसी, 1993 पासूनची सीसीएस, यूझनिक्स या संस्थेची यूझनिक्स सिक्युरिटी, आणि इंटरनेट सोसायटीची एनडीएसएस. पहिलीला जुनी मंडळी, ती जिथे भरायची त्या शहरावरून, अजूनही ओकलंड म्हणतात, जरी 2012 मध्येच तिने तिथले हॉटेल सोडून मुक्काम हलवला असला तरी. प्रवेश अर्थातच अवघड असतो; क्रॅक ज्या वर्षी स्वीकारला गेला त्या 2017 च्या सीसीएसमध्ये 836 निबंधांची समीक्षा झाली आणि 151 घेतले गेले.

निबंध मागवणारे निवेदन परिषदेच्या बरेच महिने आधी निघते, आणि ते ओळीन् ओळ वाचणे हे विद्यार्थ्याचे पहिले काम असते. विषयांची व्याप्ती, पानांची मर्यादा, ठरवून दिलेला साचा, अनामिकतेचे नियम आणि मुदत हे सगळे त्यात असते. पानांची मर्यादा साधारणपणे दोन स्तंभांत बारा ते तेरा पानांची असते. संदर्भसूची आणि परिशिष्टे बहुधा त्याबाहेर धरली जातात, पण परिशिष्ट वाचण्याचे बंधन समीक्षकावर नसते, त्यामुळे मुख्य पुरावा तिथे ढकलणे धोक्याचे. अक्षरांचा आकार किंवा समास चोरून जागा मिळवली, तर निबंध न वाचताच परत येऊ शकतो, आणि हे वरचेवर घडते. मुदत बहुतेक वेळा पृथ्वीवरील सर्वांत मागच्या घड्याळानुसार दिलेली असते. त्या घड्याळात रात्रीचे 11 वाजून 59 मिनिटे होतात, तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळचे 5 वाजून 29 मिनिटे झालेले असतात. भारतातल्या लेखकांना ही एक सवलत म्हणायला हरकत नाही, मात्र काही परिषदा स्वतःच्या स्थानिक वेळेनुसारही मुदत देतात, म्हणून गृहीत धरू नये.

मोठ्या परिषदा आता वर्षातून एकापेक्षा जास्त फेऱ्यांत निबंध स्वीकारतात. एकच निबंध एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणे मात्र सर्वत्र निषिद्ध आहे, आणि दोन्हीकडच्या समित्यांतली माणसे एकमेकांना ओळखत असल्यामुळे ते लपतही नाही.

समीक्षा दोन्ही बाजूंनी अनामिक असते: लेखकाला समीक्षक कळत नाहीत आणि समीक्षकांना लेखक. नाव आणि संस्था काढून टाकली की काम झाले असे वाटते, पण ओळख इतर वाटांनी झिरपते. आभाराचा परिच्छेद, अनुदानाचा क्रमांक, पीडीएफच्या गुणधर्मांत राहिलेले नाव, स्वतःच्या खात्यावरच्या कोडचा दुवा, विद्यापीठाचे नाव असलेला सर्व्हरचा पत्ता दाखवणारे चित्र, हे सगळे तपासावे लागते. स्वतःच्या जुन्या निबंधाचा उल्लेख काढून टाकायचा नसतो, तर तो तृतीयपुरुषी करायचा असतो; ‘आम्ही आमच्या मागील कामात दाखवले’ असे न लिहिता, ज्यांनी दाखवले त्यांचे काम म्हणून त्याचा संदर्भ द्यायचा. निबंध भरताना हितसंबंधांची यादीही द्यावी लागते. आपला मार्गदर्शक, आपल्याच संस्थेतील सहकारी, गेल्या एक-दोन वर्षांतील सहलेखक यांच्यापैकी कोणी कार्यक्रम समितीत, म्हणजे निबंध निवडणाऱ्या समितीत, असेल, तर निबंध त्यांच्या हाती जाऊ नये यासाठी ही व्यवस्था आहे. नको असलेला कडक समीक्षक टाळण्यासाठी खोटा हितसंबंध दाखवणे हा गैरप्रकार समजला जातो.

आता मुख्य गोष्टीकडे. समीक्षक निबंध हातात घेतो तेव्हा तो सर्वांत आधी थ्रेट मॉडेल शोधतो, म्हणजे हल्लेखोर कोण, त्याला काय काय करता येते आणि काय करता येत नाही, याचे विधान. क्रॅकच्या निबंधात ते स्पष्ट आहे: हल्लेखोर वाय-फायच्या टप्प्यात असला पाहिजे, आणि यशस्वी झाला तरी त्याला वाय-फायचा पासवर्ड मिळत नाही. एखाद्या निबंधात हल्लेखोर एका पानावर फक्त संदेश ऐकणारा असतो आणि पुढच्या पानावर सर्व्हरवर ताबा असलेला होतो. असा निबंध कितीही मेहनतीने लिहिलेला असला तरी टिकत नाही, कारण मग दावा नेमका कोणाविरुद्ध आहे हेच ठरत नाही.

आपल्याकडच्या वाचकाला परिचित असलेले उदाहरण 2010 च्या सीसीएसमधले आहे. भारतातील इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्रांच्या सुरक्षेचे विश्लेषण करणारा निबंध त्या वर्षी शिकागोत सादर झाला. हैदराबादचे हरी प्रसाद आणि मिशिगन विद्यापीठाचे जे. ॲलेक्स हाल्डरमन हे त्याच्या लेखकांत होते. यंत्राचा निकाल दाखवणारा भाग बदलून तिथे हुबेहूब दिसणारा, पण मोबाइलवरून हुकूम घेणारा भाग बसवता येतो, आणि स्मृतीच्या चिपवर छोटे उपकरण लावून मतांची नोंद बदलता येते, असे दोन हल्ले त्यांनी करून दाखवले. दोन्हींसाठी यंत्र काही काळ प्रत्यक्ष हातात यावे लागते. निवडणूक आयोगाचा आक्षेप नेमका इथेच होता: सील, पहारा आणि प्रशासकीय कार्यपद्धती यांमुळे असा हात यंत्राला लागूच शकत नाही. लेखकांचे म्हणणे असे की आतल्या माणसाला तो लागू शकतो. हा वाद यंत्राच्या वायरींविषयी कमी आणि हल्लेखोर कोणाला मानायचे याविषयी जास्त आहे, आणि त्यावर उघडपणे वाद घालता आला, कारण निबंधाने आपले गृहीतक लपवले नव्हते.

गृहीतकाइतकीच महत्त्वाची बाब म्हणजे मोजमाप, आणि आपल्याकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून निघणारे निबंध मला वाटते सर्वाधिक इथे अडखळतात. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांत मशीन लर्निंग वापरून घुसखोरी ओळखण्याचा विषय अतिशय लोकप्रिय आहे, आणि त्यासाठी केडीडी कप 99 हा माहितीसंच वर्षानुवर्षे वापरला जातो. त्याचे मूळ 1998 साली अमेरिकेच्या डार्पा या संस्थेसाठी कृत्रिमरीत्या तयार केलेल्या नेटवर्क वाहतुकीत आहे. ती वाहतूक खऱ्या इंटरनेटसारखी नाही, ही टीका 2000 सालापासून छापील स्वरूपात उपलब्ध आहे. त्या संचावर 99 टक्के अचूकता मिळाली, असे सांगून आजच्या समीक्षकावर छाप पडत नाही, कारण त्या आकड्यावरून आजच्या नेटवर्कविषयी काहीच कळत नाही.

दुसरे, अचूकतेचा आकडा स्वतःच फसवा असतो. समजा एका कंपनीच्या नेटवर्कवर दिवसाला 10 लाख जोडण्या होतात आणि त्यांतल्या 100 खरोखर हल्ल्याच्या आहेत. आपली प्रणाली सगळे 100 हल्ले पकडते, पण निरुपद्रवी जोडण्यांपैकी फक्त एक टक्का चुकून संशयास्पद ठरवते. म्हणजे दिवसाला जवळजवळ 10 हजार खोट्या सूचना, आणि त्यांत मिसळलेल्या 100 खऱ्या. पहारा करणारा माणूस दुपारपर्यंत सूचना पाहणे सोडून देईल. घुसखोरी ओळखण्यातली ही अडचण 1999 च्या सीसीएसमध्येच मांडली गेली होती. तरीही ती चूक होत राहते, आणि केवळ नवख्यांकडून नव्हे: 2022 च्या यूझनिक्स सिक्युरिटीमधील एका अभ्यासात अग्रगण्य परिषदांमधले मशीन लर्निंगवरचे 30 निबंध तपासले गेले, तेव्हा प्रत्येकात पद्धतीचे किमान तीन दोष आढळले. म्हणून मोजमापाच्या भागात आपली पद्धत कुठे चालत नाही हे लेखकाने स्वतः सांगावे, हा सल्ला अनुभवी लोक देतात. मर्यादा मान्य केल्याने निबंध दुबळा होतो, ही आपल्याकडची समजूत मला चुकीची वाटते. समीक्षकाने शोधून काढलेली मर्यादा निबंधाला जास्त महागात पडते.

समीक्षा साधारण दोन टप्प्यांत होते. पहिल्या टप्प्यात दोन-तीन समीक्षक वाचतात आणि कोणालाच आशा वाटली नाही तर निबंध तिथेच थांबतो. उरलेल्यांना आणखी समीक्षक मिळतात, आणि बहुतेक ठिकाणी लेखकांना थोडक्यात उत्तर देण्याची संधी मिळते. त्या उत्तरात समीक्षकाचा गैरसमज कोणत्या पानावरच्या कोणत्या मजकुराने दूर होतो हे दाखवणे उपयोगी पडते; त्याच्या आकलनाविषयी नाराजी व्यक्त करणे मुळीच नाही. नंतर समितीची चर्चा होऊन निबंध स्वीकारला जातो, ठराविक दुरुस्त्यांच्या अटीवर ठेवला जातो, किंवा नाकारला जातो. नाकारलेला निबंध पुढे दुसरीकडे पाठवताना जुन्या समीक्षा आणि त्यांवर केलेले बदल सोबत जोडण्याचा नियम काही परिषदांनी केला आहे, त्यामुळे तोच मजकूर जसाच्या तसा फिरवत राहणे अवघड झाले आहे.

नीतीचा प्रश्न या क्षेत्रात परिशिष्टापुरता राहत नाही. मिनेसोटा विद्यापीठातील दोन संशोधकांनी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या, देखभालकर्त्यांकडे मुद्दाम सदोष दुरुस्त्या पाठवल्या. मुक्त प्रकल्पात अशा खोडसाळ दुरुस्त्या शिरू शकतात का, हे त्यांना तपासायचे होते. त्यावरचा निबंध 2021 च्या सिक्युरिटी अँड प्रायव्हसीसाठी स्वीकारलाही गेला. पण ज्यांच्यावर प्रयोग झाला त्या माणसांची संमती कोणी घेतली नव्हती. एप्रिल 2021 मध्ये कर्नलचे एक प्रमुख देखभालकर्ते ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणाऱ्या दुरुस्त्या घेणे थांबवले, लेखकांनी निबंध मागे घेतला, आणि समीक्षेत ही बाब निसटल्याचे परिषदेच्या समितीनेही मान्य केले. विद्यापीठाच्या परवानगी समितीने हे मानवी प्रयोगात मोडत नाही असे सांगितलेले होते, यावरून केवळ शिक्का मिळाला की नीतीचा प्रश्न सुटत नाही हे सर्वांना उमगले. यूझनिक्स सिक्युरिटीने 2025 च्या परिषदेपासून नीतिविषयक विवेचन आणि कोड व माहिती खुली करण्याविषयीचे विवेचन प्रत्येक निबंधाला बंधनकारक केले.

दोष सापडला तर तो आधी कोणाला सांगायचा, हाही प्रश्न याच्याशी जोडलेला आहे, आणि त्याचे वेळापत्रक निबंधाच्या वेळापत्रकाशी जुळवावे लागते. क्रॅकच्या लेखकांनी 19 मे 2017 रोजी निबंध समीक्षेसाठी पाठवला. 14 जुलैच्या सुमारास त्यांनी स्वतः तपासलेल्या उत्पादनांच्या कंपन्यांना कळवले. प्रश्न एकेका उत्पादनाचा नसून मानकाचाच आहे हे लक्षात आल्यावर असे दोष अनेक कंपन्यांना एकाच वेळी कळवणाऱ्या अमेरिकेच्या सीईआरटी समन्वय केंद्राला मध्ये घेतले, आणि त्या केंद्राने 28 ऑगस्टला इतर उत्पादकांना सावध केले. 16 ऑक्टोबरला माहिती जाहीर झाली आणि नोव्हेंबरात डॅलसमध्ये निबंध सादर झाला. सगळेच इतके सुरळीत होत नाही. मोटारींच्या चोरीप्रतिबंधक चिपमधील दोष दाखवणारा निबंध 2013 च्या यूझनिक्स सिक्युरिटीसाठी स्वीकारला गेला होता; संशोधकांनी चिप बनवणाऱ्यांना कित्येक महिने आधी कळवलेले असूनही फोक्सवॅगनने लंडनच्या न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला, आणि तो निबंध एक वाक्य वगळून 2015 मध्ये प्रसिद्ध झाला.

भारतात अशी सूचना देण्यासाठी सर्ट-इन ही सरकारी यंत्रणा आहे. मात्र परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणे हे 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 खाली येते, आणि ‘संशोधनासाठी केले’ एवढे म्हणणे ढाल म्हणून पुरेसे धरू नये. मतदान यंत्राचा निबंध शिकागोत सादर होण्याच्या सुमारे दीड महिना आधी, ऑगस्ट 2010 मध्ये, हरी प्रसाद यांना यंत्र कोणाकडून मिळाले या प्रश्नावरून हैदराबादेत अटक झाली, त्यांना मुंबईला आणले गेले आणि नंतर जामीन मिळाला. यंत्र देणाऱ्याचे नाव त्यांनी सांगितले नव्हते. स्वतः विकत घेतलेल्या उपकरणावर, स्वतःच्या प्रयोगशाळेत, स्वतः उघडलेल्या खात्यांवर प्रयोग करणे शक्य असेल, तेव्हा दुसरा मार्ग धरू नये, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगेन.

निबंध स्वीकारल्यावर कोड आणि माहितीसंच तपासणीसाठी देता येतो. वेगळी समिती तो चालवून पाहते आणि साहित्य उपलब्ध आहे, चालते, किंवा निबंधातले निकाल पुन्हा मिळतात, अशा दर्जाची चिन्हे देते. एका लेखकाने परिषदेत येऊन निबंध सादर करणे अपेक्षित असते, आणि पुण्या-नागपूरच्या विद्यार्थ्याला विमानभाडे आणि व्हिसा या दोन्हींची तजवीज निकाल लागताच सुरू करावी लागते. विद्यार्थ्यांसाठीच्या प्रवास अनुदानाची मुदत परिषदेच्या बरीच आधी संपते.

याच विद्यार्थ्याच्या ईमेलमध्ये दुसऱ्याच परिषदांची निमंत्रणेही येत असतात. स्थापत्यशास्त्रापासून व्यवस्थापनापर्यंत सर्व विषय एकत्र, दोन दिवसांत स्वीकृतीची हमी, आणि समीक्षेआधीच शुल्काचा तपशील. अशा ठिकाणी काय छापले जाऊ शकते हे 2005 मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी दाखवले. संगणकाने जुळवलेला निव्वळ निरर्थक निबंध त्यांनी पाठवला आणि तो एका परिषदेने स्वीकारला. परिषद पारखण्यासाठी तिच्या नावातले मोठे शब्द किंवा ‘स्कोपस इंडेक्स्ड’ (म्हणजे स्कोपस या निबंधसूचीत नोंद असलेली) हा शिक्का पुरेसा नाही. मागील तीन-चार वर्षांचे निबंध उघडून वाचावेत, समितीतील लोकांच्या स्वतःच्या पानांवर त्या परिषदेचा उल्लेख आहे का पाहावे, आणि आपण ज्यांचे संदर्भ देतो ते लेखक तिथे कधी छापले गेले आहेत का हे तपासावे. यूझनिक्स आणि एनडीएसएस यांचे सर्व निबंध कोणालाही फुकट वाचता येतात, त्यामुळे दर्जाचा नमुना समोर नाही अशी सबब उरत नाही.

पहिल्याच खेपेला या चार परिषदांकडे धाव घ्यावी असेही नाही. त्यांना जोडून भरणाऱ्या कार्यशाळा छोटे आणि अपुरे काम स्वीकारतात, आणि भारतातच 2000 पासून सांकेतिक लिपिशास्त्राची इंडोक्रिप्ट आणि 2005 पासून माहिती प्रणालींच्या सुरक्षेची आयसीआयएसएस या परिषदा भरत आल्या आहेत. त्यांतली दुसरी 2017 मध्ये आयआयटी मुंबईत झाली होती. दोन्ही साधारण डिसेंबरात असतात, त्यामुळे निबंधाची तयारी उन्हाळ्याच्या सुट्टीत सुरू केली तर मुदत गाठता येते.